आपल्या शहरांतील स्वयंसेवा : एक मागोवा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. या मार्गाने व्यापार वाढला, वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर सार्वजनिक कार्याची जाणीवही रुजली. १८६४ मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. सरकारी आदेशाची वाट न पाहता वर्गणी आणि वेळ देऊन संस्था चालविणे, ही आपल्याकडील शहरी स्वयंसेवेची पहिली पायरी होय.

पुढे या वृत्तीला शिस्त लाभली. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापिला. त्यांचे सहकारी ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगद्वारे कामगारवस्तीत कार्य आरंभिले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन तरुणांना सेवेचे दार उघडले. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ पासून सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा असंख्य स्वयंसेवकांच्या बळावर उभी राहिली. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर शेजारी शेजाऱ्याचा आधार झाला.

मग नगरकारभारातच नागरिक दूर का राहतो? एके काळी पालिकेच्या मतदानाचा हक्क मालमत्ता व कर यांवर अवलंबून होता. स्वातंत्र्यानंतर तो अडसर गेला. पण नवे उभे राहिले. पहिला वेळेचा. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणारा डोंबिवलीकर सभेला केव्हा येणार? दुसरा आकाराचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. एवढ्या गर्दीत आपल्या शब्दाला किंमत नाही, असे सामान्य माणसास वाटते. तिसरा अडसर रचनेचा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत सामाजिक संस्थांचे कमाल तीन सदस्य घेण्याची सोय केली. मात्र नेमणूक नगरसेवकांच्या हाती ठेवली. त्यामुळे पक्षापासून अलिप्त कार्यकर्ता सहसा दाराबाहेरच राहतो. शिवाय कल्याण-डोंबिवलीत २०२० नंतर आणि ठाण्यात २०२२ नंतर मुदत संपूनही निवडणुका लांबल्या व दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात नगरसेवक नव्हते, मग प्रभाग समितीत बोलणार कोण?

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आपल्या समाजाच्या खतावणीत दानाची बाजू भक्कम आहे. स्वामीवात्सल्यात वाढपी कमी पडत नाहीत, आपत्तीत मदतीचा हात आखडत नाही. परंतु नाला, पदपथ, पाणी यांच्या चर्चेत आपली खुर्ची रिकामी दिसते. सेवा दुःख हलके करते. सहभाग त्या दुःखाचे कारण दूर करू शकतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक संस्थेने दोन अभ्यासू तरुण निवडावेत, पालिकेचे अंदाजपत्रक वाचण्यास बसवावे आणि प्रभाग समितीतील त्या जागेसाठी रीतसर अर्ज करावा, ही नम्र विनंती.