एका जीवनसत्त्वाचं नाव का पुसलं गेलं?

कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं, संत्र्याची फोड मात्र पडत नाही. असं का? १९२० च्या दशकात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ याच कोड्याच्या मागे होते. वनस्पतींतल्या पेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने बेन्झिडीनला निळा रंग येतो. त्यात लिंबूवर्गातल्या फळांचा रस घातला, तर रंग क्षणभर उशिरा येतो. म्हणजे रसातलं काहीतरी ऑक्सिडीकरण थोपवून धरतं.

१९२८ मध्ये केंब्रिजला त्यांनी तो पदार्थ वेगळा केला. तो नेमका काय आहे हे माहीत नसल्यामुळे त्यांनी ‘इग्नोज’, म्हणजे ‘ठाऊक नसलेली शर्करा’, असं नाव सुचवलं. संपादकांना ही थट्टा रुचली नाही. १९३२ मध्ये हंगेरीतल्या सेगेदला गिनिपिगांवर प्रयोग झाले आणि कळलं, की स्कर्व्ही बरा करणारं ‘क’ जीवनसत्त्व ते हेच! अमेरिकेत चार्ल्स किंग यांनाही त्याच वर्षी हे आढळलं. प्रयोगांना पदार्थ मात्र पुरेना. अखेर सेगेदच्या पाप्रिकाने, म्हणजे आपल्या मिरचीच्याच जातीच्या फळाने, तो भरपूर पुरवला. १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गींना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण गोष्ट इथेच संपत नाही. केशवाहिन्यांतून रक्तस्राव होणाऱ्या काही रुग्णांना फळांच्या अशुद्ध अर्काने गुण आला. शुद्ध ‘क’ने आला नाही. अर्कात आणखी काय होतं? फ्लॅव्होनॉइड! जास्वंदीचा लाल रंग याच कुळातला. १९३६ मध्ये त्यांना ‘पी’ जीवनसत्त्व म्हटलं गेलं. परंतु त्यांच्या अभावाने ठरावीक रोग होतो, हे काही सिद्ध होईना. १९५० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने हे नाव वापरू नये अशी शिफारस केली.

फ्लॅव्होनॉइड परीक्षानळीत उत्तम ऑक्सिडीकरणरोधक ठरतात. मात्र खाल्ल्यावर त्यांचा थोडाच भाग रक्तात पोचतो, तोही बहुधा बदललेल्या रूपात. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट’ शब्द वेष्टनावर दिसला, की नळीतला पुरावा आणि शरीरातला पुरावा वेगळे, हे लक्षात ठेवायला हवं.

वर्गात करून पाहा. सफरचंदाच्या चार फोडी घ्या. एकीवर साधं पाणी, दुसरीवर लिंबाचा रस, तिसरीवर लिंबूसत्त्वाचं पाणी, चौथीवर ‘क’च्या गोळीचं पाणी लावा. आम्लही विकराला अडवतं. मग लिंबाच्या रसाच्या यशाचं श्रेय कुणाला द्यायचं? मुलांना वाद घालू द्या. सेंट-ग्यॉर्गींपुढे हाच प्रश्न होता.