घाट नावाचा वजनकाटा

महाबळेश्वरहून पार गावाकडे उतरणाऱ्या एका जुन्या वाटेचं नाव आहे रडतोंडीचा घाट. १६५९ साली अफझलखानाचं सैन्य याच वाटेनं जावळीत उतरलं. या नावातच एक माप आहे. चढ अंगाला किती जड जातो, हे चढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून सांगायची ती पद्धत. आजचे सायकलस्वार तीच गोष्ट एका आकड्यात सांगतात : वॉट प्रति किलो.

तुम्ही पायडलवर दर सेकंदाला किती काम करता, ते वॉटमध्ये मोजायचं आणि त्याला स्वतःच्या वजनानं भागायचं. साठ किलोचा मुलगा १८० वॉट देत असेल तर त्याचा आकडा ३. नव्वद किलोचा गडी २४० वॉट देत असेल तर त्याचा पावणेतीनच्याही खाली. सपाट रस्त्यावर दुसरा पुढे जाईल, घाटात पहिला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटांचा राजा’ हा मान वेगळा ठेवला जातो, त्यामागे हेच आहे.

हा हिशेब सायकलपेक्षा जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञानं माणूस दिवसभरात किती काम करू शकतो, याचा अभ्यास केला. विजेच्या धड्यात भेटणारा कुलोम तो हाच. त्याच्या हाताशी बोर्दा या संशोधकाच्या तेनेरीफ बेटावरच्या चढाईची नोंद होती. सोबतचे लोक पायी पावणेआठ तासांत २९२३ मीटर चढले होते, सरासरी वजन ७० किलो. आजच्या भाषेत मांडलं तर हे साधारण १ वॉट प्रति किलो होतं. ना यंत्र, ना बॅटरी. उंची, वजन आणि वेळ, एवढ्यावर उत्तर निघालं.

आता हेच गणित पोलादपूरला आणू. पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाटाचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा. त्याचं इंग्रजी अमदानीतलं नाव फिट्झगेराल्ड घाट. १८६७ ते १८७२ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेल्या सेमूर फिट्झगेराल्डचं ते नाव. एकूण चढ ढोबळमानानं १३०० मीटर. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा : १३०० गुणिले ९.८, भागिले तुम्हाला लागलेले सेकंद. तीन तास लागले तर उत्तर १.२, दोन तास लागले तर १.८. हे फक्त स्वतःचं शरीर वर नेण्याचं. साठ किलोच्या स्वारानं बारा किलोची सायकल घेतली असेल तर त्यात पाचवा हिस्सा वाढवा. वारा आणि टायरचं घर्षण यांचा खर्च आणखी वेगळा, आणि चढ सौम्य असला की तो बराच भरतो.

मग यंत्र कशाला आलं? कारण सपाटीवर, वाऱ्यात, क्षणाक्षणाचा जोर असा काढता येत नाही. १९८६ साली जर्मनीत उलरिख शोबेरर यानं पायडलच्या दांड्यापाशी धातूला पडणारा सूक्ष्म ताण मोजणारं पॉवरमीटर बनवलं. साहेबी खेळाडूंचं हे खेळणं पुढे साऱ्या शर्यतींचा पाया झालं. आज जगातले अव्वल स्वार मोठ्या चढावर अर्धा तास ६ वॉट प्रति किलोच्या वर राहतात.

पण आकडा हाती आला की मोहही येतो. इटालियन डॉक्टर मिकेले फेरारी ‘टूर द फ्रान्स’ जिंकायला ६.७ लागतात, असं मानायचा. त्याच्या सल्ल्यानं चालणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं २०१२ साली उत्तेजकांमुळे काढून घेतली गेली आणि फेरारीवर आजन्म बंदी आली. आकडा वरून फुगवायचा हा एक रस्ता.

दुसरा रस्ता जास्त जवळचा, आणि आपल्या पोरापोरींसाठी जास्त धोक्याचा आहे. भागाकारात खालचा आकडा कमी केला तरी उत्तर वाढतं. म्हणून जेवण तोडायचं. दोन महिने घाट सोपा वाटतो. मग झोप बिघडते, मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि पायातला जोरही जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. खेळाला लागेल एवढं अन्न पोटात न जाणं, हे तिचं मूळ.

महाड-पोलादपूरकडे सायकल चालवणाऱ्या मुलाला पॉवरमीटर परवडत नसेल, तर त्याचं फारसं अडत नाही. आंबेनळी दाराशी आहे, वरंध घाट जवळ आहे. तीच सायकल, तेच ओझं, तीच सुरुवात आणि तोच शेवट ठेवून महिन्यातून एकदा वेळ लिहून ठेवायची. पोटभर जेवून वेळ कमी होत गेली, तर वाढलाय तो वरचा आकडा, म्हणजे खरा जोर. उपाशी राहून कमी झाली, तर ती उधारी आहे, आणि ती फेडावी लागते.