दिनविशेष : २० फेब्रुवारी १८७९ – लोणीकंदचा निर्धार, धामारीचा पहिला छापा

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी आजच्या दिवशी पुण्याजवळील लोणीकंद परिसरात साथीदारांसह इंग्रज राजवटीविरुद्ध बंड पुकारले. त्यानंतर काही दिवसांतच शिरूर तालुक्यातील धामारी गावावर त्यांचा पहिला छापा पडला. बंडासाठी पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता.

या बंडाची जमीन भीमाकाठी आधीच तापली होती. आजचे दौंड ज्या भीमथडी तालुक्यात मोडत होते, तेथील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. हा उठाव शिरूरपर्यंत पोहोचला. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. उपाशी माणसांची ही दैना फडक्यांनी गावोगाव फिरून पाहिली. दौलतराव नाईकांसारखे रामोशी वीर त्यांच्यामागे उभे राहिले, काहींनी प्राणही दिले.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव देशभर झाले. धामारीचे नाव मात्र मागे राहिले. शिरूर-दौंडच्या शाळांतील मुलांना हा इतिहास आपल्या गावाचा म्हणून शिकवला गेलाच पाहिजे.