वही आपली, किल्ली आपली

मैत्रिणींनो, गटाची वही आपण पेटीत कुलपात ठेवतो. मोबाईलमधल्या माहितीला कुलूप कुणी लावलं?

कर्नाटकचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी २०१२ साली आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीश एकमतानं म्हणाले, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

तरी हप्ता चुकला, की काही कर्ज-ॲपवाले फोनमधले नंबर काढून नातेवाइकांत बदनामी करत. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कर्ज-ॲपना फोनमधले नंबर, फोटो घ्यायला मनाई केली. २०२३ मध्ये संसदेनं माहिती-संरक्षणाचा कायदा केला.

धंद्याला भांडवल हवंय? आधी बँक सखीला विचारा. नंबर मागणाऱ्या ॲपला ‘नाही’ म्हणा. किल्ली आपल्याच हाती राहू दे.