आपल्या दिंडीतील चंचीचा इतिहास





शंभर वर्षांच्या या पुस्तकात कुणी विण्याचा इतिहास लिहिला, कुणी अन्नदानाचा. मंडळींनी विचारलं, "बुवा, तुम्ही काय लिहिणार?" आम्ही म्हणालो, चंचीचा. मंडळी हसली. पण विण्याच्या खालोखाल आपल्या दिंडीत कुठली वस्तू हातोहात फिरली असेल तर ती चंचीच. आमचं शिक्षण चौथी. चूकभूल पदरात घ्यावी.

दिंडीच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत शिधा, सरपण, कंदिलाचं तेल यांच्या खाली दरसाल 'बुक्का व पान-तंबाखू' अशी ओळ आहे. बुक्का आणि तंबाखू एकाच ओळीत. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आम्हालाही पुष्कळ वर्षं वाटलं नाही. माळ घालताना मद्य-मांस सोडलं, पण आमच्यात तंबाखूचं नाव कुणी काढलं नाही. एकादशीला भगर चालती का न्हाय यावर पालात रात्रभर वाद, आणि वाद घालणाऱ्या दोघांच्याही गालात बार.

जुनी माणसं म्हणायची, तंबाखू पहिल्यापासून आहे. ते खरं नाही. हायस्कुलाच्या गुरुजींनी आम्हाला हे पुस्तकातून वाचून दाखवलं. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला उतरली. अकबर बादशहाचा वकील असदबेग विजापूरला आला होता, त्यानं इथं तंबाखू बघितली आणि १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढं नेऊन ठेवली. पुढं जहांगिरानं १६१७ साली बंदीचं फर्मान काढलं, ते कुणी मानलं नाही. आता हिशेब करा. माउलींनी समाधी घेतली १२९६ साली, नाथांनी देह ठेवला १५९९ साली. म्हणजे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा या मुलखात तंबाखूचं पान कुणी बघितलेलं नव्हतं. आम्ही हे कीर्तनात सांगितलं तेव्हा एक म्हातारे वारकरी थुंकायला उठले ते परत बसायलाच आले नाहीत.

आपला भाग निपाणीकडचा, तंबाखूचाच. आमच्या वडिलांच्या रानात विडीची तंबाखू असायची. आम्ही पोरं शेंडे खुडायला, फुटवे काढायला जायचो. हात चिकट, काळे, साबणानं निघायचे नाहीत. दव पडलेली पानं अंगाला लागली की गरगरायचं, उलटी व्हायची. थोरले म्हणायचे, ऊन लागलं. सकाळी आठला कसलं ऊन! तो पानातला निकोटीन कातडीतून अंगात जात होता, हे आम्हाला पन्नाशीनंतर डॉक्टरांनी सांगितलं. आमची म्हैस त्या पानाला तोंड लावायची नाही. तिची शाळा आमच्याहून जास्त झाली म्हणायची.

१९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. ते दुःख आम्ही विसरलेलो नाही. आपल्या दिंडीचं मोठं पातेलंही तंबाखूच्या पट्टीतून आलेलं आहे. "तंबाखूचा पैसा चालतो आणि तंबाखू चालत न्हाय व्हय?" असं आम्हाला भर सभेत विचारलं गेलंय. याचं उत्तर आम्हाला आजही नीट देता येत नाही. पातेल्यात आमटी मात्र अजून शिजते.

आता मुख्य गोष्ट. दिंडीतल्या पोरांना तंबाखू कुणी शिकवली? पानटपरीवाल्यानं नाही. आम्ही शिकवली. विसाव्याला थोरली माणसं पाय पसरायची आणि हाक द्यायची, "ए पोरा, जरा मळून दे." आम्ही बारा वर्षांचे असताना आमचे विणेकरी आबा आम्हाला चंची द्यायचे. किती चुना, किती मळायचं, टाळीनं भुकटी कशी उडवायची, हे सगळं टाळ धरायच्या आधी आम्हाला यायला लागलं. मग मळता मळता एक चिमूट आमच्या ओठाखाली. आबांचा हात मायेचा होता, म्हणून दोष द्यावा वाटत नाही. आयाबायांचंही तेच. मशेरी भाजायला पोरीला बसवायचं आणि दात घासायला तीच द्यायची.

आबांच्या गालात पांढरा चट्टा आला. आम्ही म्हणालो, चुन्यानं भाजलं असंल. वर्षभर तसंच काढलं. मग जखम, मग मुंबईला परळ, मग अर्धा जबडा काढला. तीस वर्षं ज्या गळ्यावर दिंडी चालली तो माणूस पेज सुद्धा सांडायचा. त्या साली त्यांना जीपमधून वाखरीला रिंगण बघायला आणलं. घोडा धावला, 'ज्ञानोबा-तुकाराम' उठलं, आबांना म्हणता येईना. नुसती टाळी वाजवत होते. पुढच्या वारीला विणा दुसऱ्याच्या गळ्यात होता.

एवढं बघूनही आमची चंची सुटली नाही. हे लाजेचं आहे पण लिहितो.

२०१२ साली सरकारनं राज्यात गुटखा बंद केला. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकू नये, शाळेपासून शंभर यार्डांत दुकान नको, हा कायदा तर २००३ चाच. पोरं मावा खायला लागली. पुढच्याच एका वारीत नववीतल्या मृदंगी पोराच्या खिशात आम्हाला पुडी सापडली. त्या रात्री कीर्तनात आम्ही त्याचं नाव न घेता त्याला चांगलाच झोडपला. पोरगं सकाळी शांतपणे म्हणालं, "बुवा, तुमच्या कमरंला काय हाय?"

त्या साली आम्ही सोडायचं ठरवलं आणि जेजुरीत परत धरली. सासवडला आमचं तीन माणसांशी भांडण झालं होतं, एक तर टाळाच्या दोरीवरनं. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप जात नाही, मग हळूहळू उतरतं. आणि तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांतच ओसरते. हे आधी कळलं असतं तर भांडण तरी वाचलं असतं. पुढच्या साली आम्ही आळंदीलाच चंची चोपदारांच्या हवाली केली आणि सगळ्या दिंडीला सांगून टाकलं, चिडलो तर माफ करा. तलफ आली की एक अभंग सावकाश म्हणायचा, वर पाणी, फार तर लवंग. अभंग संपेतो ती गेलेली असायची. नाही गेली तर दुसरा अभंग. वारीत अभंगांना तोटा नाही. अठरा-वीस दिवसांत पंढरपूर आलं आणि जिभेला आमटीतलं तिखट पहिल्यांदा नीट कळलं.

मग पोरांना शिकवायची रीत बदलली. 'मळून दे' ही हाक दिंडीत बंद केली, हा पहिला नियम म्हाताऱ्यांना. मोठ्या माणसांच्या मोजणीत राज्यात शंभरातले २६-२७ जण तंबाखूवाले निघाले होते, २०१६-१७ साली, आणि बहुतेक सगळे तोंडात ठेवणारे. पण पोरांना आकडा सांगून काही होत नाही. डॉक्टरांनी दाखवलेली एक गोष्ट मात्र लागू पडली. तोंड उघडून तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. लोणंदच्या मुक्कामी पंधरा-वीस पोरांनी हसत हसत बोटं घातली. एकाची दोनच गेली. हसणं थांबलं. तो एकोणीस वर्षांचा, मावा-सुपारी चार वर्षं. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं नेलं. ज्याला आपल्या माणसापुढं बोलायची लाज वाटते त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा फुकटचा सरकारी नंबर आम्ही पालाच्या काठीला लिहून लावतो.

सगळे सुटले असं नाही. तो मृदंगी आता बापमाणूस झालाय. दोनदा सोडली, दोनदा धरली. गेल्या साली नातेपुत्यापर्यंत टिकला, मग रात्री पालामागं सापडला, आम्हाला बघून रडला. आम्ही काही बोललो नाही, शेजारी बसलो. परवा त्याचा फोन आला, "बुवा, माझी पुडी यंदा आळंदीलाच घ्या." चोपदारांना डबा धुऊन ठेवायला सांगितलंय.