औषधी वनस्पतींचे जीवाणुरोधक अर्क

वनस्पतींची पाने, साल, मुळे किंवा बिया पाण्यात अथवा अल्कोहोलमध्ये भिजवून मिळणारे, जीवाणूंची वाढ रोखणारे द्रव. दिल्लीच्या खारी बावली बाजारात हळद, दारुहळद, ज्येष्ठमध पोत्यांनी विकले जातात. नवी दिल्लीच्या रस्त्यांवर कडुनिंबाची सावली असते. अर्कांचा कच्चा माल इतका हाताशी आहे.

या शहरात औषधी वनस्पतींवरील संशोधनाची परंपराही जुनी आहे. युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्या करोल बागेतील तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी केले. तेथे काम करताना रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधा या वनस्पतीतून ‘अजमलीन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. पुढे कडुनिंबाच्या तेलातून ‘निंबिन’ हे संयुग मिळवले.

अर्काची ताकद काचेच्या थाळीत जोखतात. जीवाणू पेरलेल्या आगरमधील (जेलीसारख्या पोषक माध्यमातील) खळग्यात अर्क घातला की भोवती वाढ नसलेले वलय उमटते. मात्र वलयाची रुंदी अर्क आगरमध्ये किती पसरतो यावरही ठरते. म्हणून वाढ रोखणारी किमान मात्राही मोजावी लागते. ग्रॅम-ऋण गटातील जीवाणूंचे बाह्य पटल अनेक अर्कांना अडवते. दारुहळदीतील बर्बेरीन हा घटक तर काही जीवाणू पेशीतील पंपाने बाहेर फेकतात.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे हा शोध निकडीचा झाला आहे. कार्बापेनेम ही प्रतिजैविके निष्प्रभ करणाऱ्या ‘एनडीएम-१’ विकराच्या नावातच नवी दिल्ली आहे (‘एनडी’ म्हणजे न्यू डेल्ही). २०११ च्या अभ्यासात त्याचे जनुक शहरातील पाण्यातही आढळले.

थाळीतील यशानंतर विषारीपणा, शोषण आणि रुग्णांवरील चाचण्या बाकी राहतात. भारतीय औषधपद्धतींतील द्रव्यांची मानके गाझियाबादचा औषधसंहिता आयोग ठरवतो.