परड्याच्या टोकाचं दार

आमच्या बाजूला शौचाला जाण्यासाठी जो शब्द आहे, त्यात जुन्या घराचा अर्धा नकाशा आहे. ‘परसाकडं जाऊन येते.’ परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, आमचं परडं. काम कुठलं ते बोलायचं नाही, दिशा तेवढी सांगायची. घर पुढून मागे एका ओळीत असायचं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मग परडं, आणि शहरगावात असेल तर परड्याच्या शेवटच्या टोकाला संडास. खेड्यात तोही नाही, ओढ्याकाठची झुडपं. चूल आणि ते टोक यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकं घर शुद्ध, अशी समजूत आमच्या आज्यांच्या अंगात मुरलेली होती.

आता नकाशावर स्वयंपाकघराच्या पाठीला जी जागा उरते तिला युटिलिटी म्हणतात. बेळगावात हा शब्द गवंड्याच्याही तोंडी बसलाय. आम्ही जुनं घर उतरवून नवं बांधायला काढलं, तेव्हा ही जागा दहा फूट बाय पाच फूट निघाली. इंजिनिअरनं सरळ सांगितलं, ‘अख्खी युटिलिटी घ्या, नाहीतर त्यातले चार फूट तोडून खाली एक संडास काढू. दोन्ही ऐसपैस होणार नाही.’ बाकीचे दोन संडास वरच्या मजल्यावर. सासूबाईंचं वय ७९, गुडघे दोन्ही गेलेले. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचार करण्यासारखं आहे काय? पण अडवलं ते आत्तींनीच. ‘चुलीच्या पाठीला संडास? मग ह्या घरात महाराजांचा आहार व्हायचा कसा?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागाला त्याचा खास इतिहास आहे. आचार्य शांतिसागर महाराज इथलेच, चिकोडीकडच्या भोज गावचे, जन्म १८७२चा. १९२० साली यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली. त्याआधी दिगंबर मुनी गावातून विहार करताना दिसणं फार दुर्मीळ झालेलं होतं. महाराजांच्या मागून मुनिसंघ पुन्हा उभे राहिले, गावोगावी फिरू लागले, आणि आहारासाठी चौका लावणं हे आमच्या घरातल्या बायकांचं नेहमीचं काम झालं. म्हणजे ज्या कडक शिस्तीला आपण ‘पूर्वापार’ म्हणतो, तिची इतकी वर्दळ आमच्या आज्या-पणज्यांच्या काळापासूनची आहे.

चौका म्हणजे काय ते माझ्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको, पण त्याला जागा किती लागते ते हिशेबात धरत नाही आपण. विहिरीचं पाणी. ते जाड दुपदरी कापडातून गाळायचं. गाळण्यावर राहिलेली जिवाणी गाळलेल्या पाण्यानं धुऊन पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायची, दुसऱ्या विहिरीत नाही. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांपुरतं, उकळलेलं २४ तासांपुरतं. गाळणं वाळवायला दोरी, कोरड्या भांड्यांची उतरंड, हाताने दळलेलं पीठ, निवडलेलं धान्य, ओल्या लुगड्यांची बादली. हे सगळं न्हाणी आणि परड्याच्या मधल्या पट्टीत चालायचं. इंजिनिअरला युटिलिटी म्हणजे वॉशिंग मशीन आणि सिलिंडर. आत्तींच्या डोळ्यांपुढे होती ती ही पट्टी. (विहीर आता बुजली, बोअरच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडायची याचं उत्तर अजून कुणी मला धड दिलेलं नाही. पण ते राहू दे.)

मी मग शास्त्र काय म्हणतं ते बघायला लागले. मुनींच्या पाच समितींत शेवटची प्रतिष्ठापना समिती. मलमूत्र टाकायचं ते निर्जीव, कोरड्या जागी. हिरवळ नको, बीळ नको, कुणाला अडथळा नको. ‘मूलाचारा’त हे सविस्तर आहे. मुनींच्या हातातला कमंडलू पिण्याच्या पाण्याचा नसतो, तो शौचासाठी. त्याला नावच शौचोपकरण. आणि दशलक्षण पर्वात आपण ज्या ‘उत्तम शौच’ धर्माची पूजा करतो, त्याचा अर्थ लोभ सुटणं. म्हणजे शास्त्राची नजर सगळी जिवावर आणि मनावर. चुलीपासून संडास किती हात लांब हवा, ते मला तिथं सापडलं नाही. काटेकोर बघायचं तर भसाभसा पाणी सोडून जीवजंतूंनी भरलेल्या टाकीत मैला ढकलणारे वरच्या मजल्यावरचे संडासही त्या नियमात बसत नाहीत. म्हणून तर मुनी आजही जमेल तिथं बाहेरच जातात. तेव्हा वर चालेल आणि खाली नको, याला शास्त्राचा आधार नाही.

मग ते अंतर आलं कुठून?

गल्लीतल्या जुन्या घरांतला संडास ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही. दोन-तीन पायऱ्या चढून वर जायचं, फरशीत भोक, खाली टोपली किंवा डबा. त्या टोपलीला मागच्या बाजूनं एक लहान पत्र्याचं दार, आणि ते दार उघडायचं मागच्या अरुंद बोळात. त्याला भंगीबोळ म्हणत. सकाळी झाडूवाली बाई बोळातून यायची, हाताने टोपली ओढून काढायची, राख टाकायची, आणि डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात ती टोपली गळायची. घरच्यांना तिचं तोंड दिसू नये अशीच त्या घरांची रचना होती. तिला भाकरी मिळायची ती परड्याच्या दारातून, वरून टाकलेली. दिवाळीला पोस्त, जुनं लुगडं. अहिंसेचं इतकं बारीक शास्त्र पाळणारी आपली घरं, पाण्यातल्या जिवाणीला परत विहिरीत पोचवणारी, त्या बाईचा हिशेब मात्र त्यात कुठं धरत नव्हती. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण आमच्या समाजाच्या लेखनात ते फारसं आलेलं नाही, म्हणून लिहिते.

सरकारदरबारी याची नोंद झालेली आहे. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या राज्यानं १९४९ साली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली, १९५२ साली तिचा अहवाल आला. पुढे केंद्रानं मलकानी समिती नेमली. त्याही आधी, १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा संडास साफ करायचं काम स्वयंसेवकांनी स्वतः केलं. त्यांचे प्रमुख काकासाहेब कालेलकर, आणि त्यांत ब्राह्मण घरांतली मुलं होती. अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर आपण सगळ्यांना दाखवतो, चरांच्या संडासांची आठवण मात्र कोण काढत नाही. अधिवेशन उठलं आणि गल्लीतल्या टोपल्या होत्या तिथंच राहिल्या. १९७०च्या दशकात कर्नाटकात मंत्री बसवलिंगप्पांनी डोक्यावरून मैला नेण्यावर बंदी आणली. देशाचा कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तोही पुरला नाही म्हणून २०१३चा दुसरा आला. मधे २०१० साली हावेरी जिल्ह्यातल्या सवणूरला सफाई करणाऱ्या कुटुंबांनी राहती घरं जायची वेळ आली तेव्हा नगरपालिकेपुढं स्वतःच्या अंगावर मैला ओतून घेतला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर संडास लांब होता तो दुर्गंधीमुळे, आणि टोपली उचलणारीला घरातून यावं लागू नये म्हणून. भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी धरून वास अडवायची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ सालीच लंडनला पेटंट करून ठेवली होती. आमच्या गल्लीत ती पोचायला दोनशे वर्षं गेली. नळी आली, टोपली गेली, पण अंतराचा नियम तसाच राहिला.

आणि त्या अंतराची किंमत घरातल्या बायकांनीही मोजली. हे मला आत्तींनीच सांगितलं, नकाशा पुढ्यात ठेवून भांडता भांडता. लग्न होऊन आल्या तेव्हा परड्यात जायची वाट सोप्यावरून दिसायची, आणि सोप्यावर सासरे, दीर, आलेगेले. हातात टमरेल घेऊन त्यांच्या नजरेसमोरून जायचं. ‘दोन वर्षं दुपारनंतर तांब्याला हात लावला नाही मी,’ त्या म्हणाल्या. रात्री चारी आहारांचा त्याग आपल्याकडे पुरुषही करतात. बायकांना त्या व्रतात पुण्याबरोबर सोयही होती; सूर्यास्तानंतर पाणी नाही म्हणजे रात्री कंदील घेऊन उठणं नाही. बाळंतिणीचे हाल तर विचारूच नयेत. मूतखडा, लघवीची जळजळ, मूळव्याध ही आमच्या आज्यांची घरगुती दुखणी होती आणि कुणी त्यांचा संबंध त्या टोकाच्या दाराशी जोडला नाही.

‘आणि आता वर चढायला नको म्हणून परत पाणी कमी पिताय की,’ मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळचा तांब्या संध्याकाळपर्यंत अर्धा राहतो, हे मी रोज बघत होते.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. चार फूट संडासाला. दार स्वयंपाकघराकडं नको, जिन्याखालच्या बोळकांडीत उघडायचं, आणि मधली भिंत नऊ इंची. उरलेली सहा फूट युटिलिटी. मशीन वर गच्चीत. चौका लावायचा त्या दिवशी पुढच्या खोलीत लावायचा. त्यांच्या माहेरी तसाच लावत, हे त्यांना आता आठवलं. बसायला खुर्चीचं भांडं, उजव्या हाताला धरायला दांडी. मला मोठी युटिलिटी हवी होती हेही खरंच, उतरंडीला जागा राहिली नाही आणि पितळी घागरी माळ्यावर गेल्या.

मागचा बोळ अजून आहे. आता त्याला बोळच म्हणतात, पुढचा शब्द गळून पडलाय. नव्या संडासाची पाइप तिथल्याच गटारीच्या चेंबरला मिळणार होती, मधे दोन वळणं घेऊन. इंजिनिअर रेघ ओढत असताना आत्तींनी विचारलं, ‘तुंबलं तर कोण उतरणार?’ तो म्हणाला, मशीन बोलवायचं आजी, आता माणूस उतरवत नाहीत. ‘उतरवत नाहीत म्हणजे कायद्यात नाहीत, की खरंच नाहीत?’ तो गप्प. मग त्यांनी दोन्ही वळणांवर एकेक चेंबर घालायला लावलं, गुडघ्याएवढं खोल, म्हणजे उभ्यानं वरूनच काठी सरकवता येईल. त्याचे पैसे वेगळे पडले.